यंदा नाराज कोण?

आमच्या कॉलेजात दरवर्षी एका माणसाला नाराज व्हावं लागतं. हे मी गमतीनं सांगत नाही. वर्ष संपत आलं की ‘प्रशासन व व्यवस्थापन यांविषयी कर्मचाऱ्यांची मते’ अशा भारदस्त नावाची एक प्रश्नावली आमच्यापुढे येते. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तम, चांगले, बरे, असमाधानकारक अशा चौकटी असतात. आमचे हेडक्लार्क, ज्यांना सगळे मोठे बाबू म्हणतात, ती वाटता वाटताच खूण कुठे करायची तेही सांगून टाकतात.

"सगळ्यायनं ‘उत्तम’वर करा. पण सगळंच उत्तम आलं तं वरचे लोक डाउट घेतात. म्हणून एका जणानं ‘बरे’वर करा, अन् खाली एखादी सूचना लिहा."

तो एक जण कोण, हे आळीपाळीनं ठरतं. गणपतीत आज आरतीला प्रसाद कोणाकडून, असं विचारावं तसं स्टाफरूममध्ये विचारलं जातं, "यंदा नाराज कोण?" मग ज्याचा नंबर असेल तो मान हलवतो. नाराजीचे विषयही ठरलेले आहेत. पार्किंगला सावली हवी, वाचनालयात एखादं वर्तमानपत्र वाढवावं, उन्हाळ्यात कूलरचं पाणी गार होत नाही. भौतिकशास्त्राचे एक सर आपल्या पाळीला कूलरवर नाराज झाले होते. पुढच्या वर्षीच्या अहवालात त्यांच्या सूचनेसमोर ‘कार्यवाही पूर्ण’ असं छापून आलं. कूलर अजून तिथंच आहे आणि त्यातून चहाला टाकता येईल असं पाणी येतं.

मी या कॉलेजात लोकप्रशासन शिकवते. वर्गात उभी राहून मुलांना उत्तरदायित्व म्हणजे काय, पारदर्शकता म्हणजे काय, तक्रार निवारणाची यंत्रणा कशी असावी, हे फळ्यावर लिहून देते. तास संपला की स्टाफरूममध्ये येऊन ‘उत्तम’वर खूण करते. वर्षानुवर्षं हे चाललं होतं आणि मला त्याचा राग यायचा, पण तो राग घरी नेऊन नवऱ्यासमोर काढण्याइतकाच होता. मी देऊळगाव राजाला राहते, कॉलेज दुसरबीडच्या बाजूला. एसटीनं घरी पोचेपर्यंत राग निम्मा उतरलेला असायचा.

ज्या वर्षी माझा नाराज होण्याचा नंबर आला, त्याच वर्षी बाहेरची मूल्यांकन समिती येणार होती. कॉलेजला रंग लागत होता, कुंड्या येत होत्या, भिंतींवर सुविचार चढत होते. आणि त्याच वर्षी अर्थशास्त्राला एक नवी मुलगी रुजू झाली होती.

ती तासिका तत्त्वावर होती. म्हणजे शिकवेल तेवढ्या तासांचे पैसे. आजारी पडली तर काही नाही, बाळंतपण आलं तर काही नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा नव्यानं मुलाखत. माहेर मोताळ्याकडचं रोहिणखेड, दिलेली दुसरबीडला. वडील शाळामास्तर, भीमजयंतीला गावात हमखास भाषण करणारे. घरात शिकलेली बरीच होती, पण कॉलेजात शिकवणारी ही पहिली. "बाबा सगळ्यायले सांगतात, पोरगी प्राध्यापक हाये," ती एकदा मला हसत म्हणाली, "मी म्हणतो बाबा, जून येऊ द्या, मंग सांगा." जालन्याकडची बोली बोलणारे आमच्यातले काही जण तिच्या ‘मले-तुले’ला गालात हसायचे. मुलं मात्र तिच्या तासाला दाराबाहेर उभं राहूनसुद्धा बसल्यासारखं ऐकायची. मागणी-पुरवठा ती बाजारातल्या कोथिंबिरीच्या जुडीवरून शिकवायची.

दिवाळीच्या सुमारास तिनं मला सांगितलं की तिला दिवस गेलेत. सांगितल्यावर पहिली गोष्ट काय विचारली असेल? "मॅडम, आतापर्यंत घरी जाईपर्यंत दम धरला. आता आपल्या कॉलेजात बायकायनं जायचं कुठं?"

आता हा प्रश्न समजून घ्यायचा तर आमच्या इमारतीचं थोडं सांगायला हवं. इमारतीमागे एक जुनं स्वच्छतागृह आहे. मुलींचं आणि आम्हा बायकांचं तेच. नळाला पाणी नाही, दाराला कडी नाही. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार धरायचं. दुपारनंतरच्या तासांना मुली का नसतात, यावर आमच्या बैठकीत दोनदा चर्चा झाली आणि ‘मुलींमध्ये शिक्षणाची आवड निर्माण करावी’ असं ठरलं. मला तिथंच उठून टेबल उलथवावंसं वाटलं होतं.

पण आमच्याकडे नवा कक्षही आहे. पहिल्या मजल्यावर, प्राचार्यांच्या खोलीच्या शेजारी. ‘महिला कर्मचारी कक्ष’ अशी पितळी अक्षरं, बाजूला संगमरवरी पाटी. आत पलंग, आरसा, दोन खुर्च्या आणि फरशी बसवलेलं पाण्याचं स्वच्छतागृह. संस्थेच्या अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी फीत कापली, आम्ही टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले. पाहुणे खाली उतरले आणि त्याच दुपारी दाराला कुलूप लागलं. ते पुन्हा निघालं नाही. चावी मोठ्या बाबूंच्या ड्रॉवरमध्ये.

मग आम्ही बायका काय करायचो? कॉलेजच्या समोर रस्त्यापलीकडे एक काकू साड्यांना पिको-फॉल करून देतात. त्यांच्या अंगणात सरकारी योजनेतलं शौचालय आहे. सुरुवातीला कोणीतरी खरंच साडी घेऊन गेली असेल, पण नंतर ती रीतच पडली. पिशवीत एक साडी घ्यायची आणि स्टाफरूममध्ये मोठ्यानं म्हणायचं, "जरा फॉल लावून येते." पुरुष मंडळींना कळत होतं की नाही, देव जाणे. आमच्या कॉलेजातल्या बायकांच्या साड्यांना वर्षभर फॉल लागत असायचा. गणिताच्या मॅडमची एकच निळी साडी त्या पिशवीतून इतक्यांदा रस्ता ओलांडून गेली की तिची घडी विरली. शिकल्यासवरलेल्या, पगारदार बायका आणि लघवीला जायला नाटक. आज लिहितानाही माझे कान तापतात.

काकू चांगल्या होत्या. कधी कुरकुर केली नाही. पण त्यांचं घर होतं, धर्मशाळा नव्हती. लग्नसराईत त्या कुलूप लावून गावोगाव जायच्या, आणि मग आमचा सगळ्यांचा दिवस कोरडा. कोरडा अक्षरशः. सकाळी चहा अर्धा कप, त्यानंतर पाणी नाही.

त्या मुलीनंही तेच केलं. पोटात बाळ आणि दिवसभर पाण्याचा घोट नाही. एक दिवस वर्गात तिला थंडी वाजून ताप भरला. जालन्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि झापलंच. लघवीच्या जागी संसर्ग झालाय, भरपूर पाणी प्यायचं, लागली की लगेच जायचं, अडवून धरायचं नाही. पुन्हा झालं तर बाळ वेळेआधी येईल. हे सगळं तिनं मला दुसऱ्याच दिवशी कॉलेजात येऊन सांगितलं, कारण घरी झोपली असती तर तासांचे पैसे गेले असते आणि जूनमध्ये ‘गैरहजर राहतात’ असं म्हणायला जागा झाली असती.

मी तडक ऑफिसात गेले. तिथं मोठे बाबू, दोन लिपिक, पावती फाडायला आलेली मुलं, सगळे होते.

"बाबू, महिला कक्षाची चावी द्या."

"कशाला पाह्यजे, मॅडम?" अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात.

कशाला पाहिजे! मी त्या माणसाकडे बघतच राहिले. त्याच्या घरी बायको आहे, दोन मुली आहेत. कशाला पाहिजे असेल? मी म्हटलं, "आरती करायची आहे." मुलं फिसकन हसली. बाबूंनी ड्रॉवर जोरात बंद केला आणि म्हणाले की सरांची परवानगी आणा.

प्राचार्य माझं शांतपणे ऐकून घेतात. ऐकून घेणं ही त्यांची खासियत आहे, त्यामुळे माणसाला वाटतं काम झालं. ते म्हणाले, "मॅडम, तुमची भावना मी समजू शकतो. पण एक लक्षात घ्या. तो कक्ष बंद आहे म्हणून स्वच्छ आहे. समिती येऊन जाऊ द्या. तोवर तुम्ही रीतसर अर्ज करा."

मी रीतसर अर्ज केला. चार दिवसांनी तो अर्ज माझ्याच टेबलावर परत आला. त्यावर प्राचार्यांनी लिहिलं होतं, ‘महिला तक्रार निवारण समितीकडे अभिप्रायासाठी’. त्या समितीची अध्यक्ष मी आहे. आमच्याकडे समित्या इतक्या आणि माणसं इतकी थोडी की प्रत्येक जण कशाचा ना कशाचा अध्यक्ष असतोच. मी अध्यक्ष या नात्यानं माझ्या स्वतःच्या तक्रारीत तथ्य असल्याचं कळवलं आणि चावी द्यावी अशी शिफारस केली. ती शिफारस इमारत देखभाल समितीकडे गेली. त्या समितीची मी सचिव. पुन्हा कागद माझ्याकडेच आला. मी सचिव या नात्यानं कळवलं की इमारतीला काहीही धोका नाही. मग प्राचार्यांनी लिहिलं, ‘योग्य वेळी विचार करावा’. एकटीच बाई तीन खुर्च्यांवर बसून स्वतःशी पत्रव्यवहार करते आहे आणि याला ते विकेंद्रीकरण म्हणतात. हा शब्द मी वर्गात शिकवते. त्यानंतर तो उच्चारताना मला तोंड वाकडं न करता बोलणं जमलेलं नाही.

तेव्हाच माझा नाराज होण्याचा नंबर आला. मला वाटलं, बरं झालं. मोठे बाबू प्रश्नावली घेऊन आले तेव्हा मी सांगितलं, "मी यंदा चावीवर नाराज आहे."

ते थबकले. "थे नाई चालणार, मॅडम."

"का नाही चालणार?"

"पार्किंग घ्या ना. नाईतं पेपर घ्या. चावी नाई बसत."

प्राचार्यांनी बोलावून तेच अधिक सभ्य भाषेत सांगितलं. कक्ष पूर्ण वापरात आहे असं अहवालात आधीच नमूद झालंय. तिथंच नाराजी दाखवली तर विसंगती दिसेल. "तुमची नाराजी आपण पुढच्या वर्षी घेऊ. आणि हो, समितीसमोर कर्मचाऱ्यांशी संवाद आहे. त्यात महिला समितीच्या अध्यक्ष म्हणून तुम्हाला एक वाक्य दिलंय."

ते वाक्य टाइप करून दिलं होतं. ‘आमच्या महाविद्यालयात महिला कर्मचाऱ्यांसाठीचा सुसज्ज कक्ष सदैव खुला असतो.’

मी म्हटलं, "हे मी म्हणणार नाही."

प्राचार्यांनी पेपरवेट फिरवला. मग हळूच म्हणाले, "त्या अर्थशास्त्राच्या मॅडम तुमच्या फार जवळच्या आहेत ना? चांगल्या शिकवतात. त्यांचं जूनचं आपल्यालाच बघायचंय." आवाजात धमकी नव्हती. काळजीच होती म्हणा ना. धमकीसुद्धा काळजीच्या आवाजात द्यायला जमलं की माणूस प्राचार्य होतो.

मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, बोला मॅडम, होऊन जाऊ द्या. ती स्टाफरूमच्या खिडकीपाशी पाठीला हात लावून उभी होती. म्हणाली, "नका बोलू, मॅडम. बाळ आल्यावर खर्च वाढन. आमच्या यायच्या शेतीत काई निघत नाई. जून गेला तं मी काय करू?" तिच्या पोटात ते बाळ आणि डोक्यात तो जून. त्या दोघांपैकी एकालाच वाचवता येईल अशी सोय आमच्या व्यवस्थापनानं करून ठेवली होती.

समिती यायच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. कोणी कुठं बसायचं, कोणी काय बोलायचं. तासिकावाल्यांना सांगण्यात आलं की माणसं दिसायला पाहिजेत म्हणून या, पण तोंड उघडू नका. आणि त्या मुलीला बाबूंनी वेगळं घेऊन सांगितलं, "तुम्ही या, पण समोर नका येऊ. पोट दिसते. रजेचा विषय निघाला तं काय सांगायचं आम्ही?" जणू काही ती कुठून चोरी करून पोट घेऊन आली होती! ती मुकाट्यानं हो म्हणाली. तिनं मला ते संध्याकाळी बसस्टॉपवर सांगितलं. मी तशीच परत कॉलेजात जाणार होते, तिनं माझा हात धरला.

समितीत एक बाई होत्या. परराज्यातल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या, पिकलेले केस, सुती साडी. विमानतळावरून गाडीनं थेट आल्या होत्या. हारतुरे, स्वागतगीत, प्राचार्यांचं सादरीकरण, हे सगळं आटोपून कर्मचाऱ्यांशी संवाद सुरू झाला. एकेक जण उठून आपापलं वाक्य म्हणत होता. निर्णय लोकशाही पद्धतीनं होतात. प्रशासन पारदर्शक आहे. व्यवस्थापन आम्हाला कुटुंबासारखं वागवतं. कूलरवर नाराज झालेले सर म्हणाले की सूचनांची तत्काळ दखल घेतली जाते.

माझी पाळी आली. मी उठले आणि दिलेलं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. फक्त त्यापुढे हिंदीत एवढंच जोडलं, "मैडम, आप अभी चलकर देख लीजिए."

त्या बाई लगेच उठल्या. इतक्या लगेच, की मला कळलं, त्यांनाही जायचंच होतं. इतक्या लांबच्या प्रवासानंतर कोणाला नसतं? प्राचार्य लगबगीनं पुढे झाले, मग मागे झाले. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर पोचलो. पितळी अक्षरं लखलखत होती. दाराला कुलूप होतं.

"चावी," प्राचार्य कुजबुजले. चावी बाबूंच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, आणि बाबू पाहुण्यांच्या शाली आणायला जालन्याला गेलेले. शिपाई हाताला येईल तो जुडगा घेऊन आला. प्रयोगशाळेची, जिन्याखालच्या खोलीची, सायकल स्टँडची, एकही चावी लागेना. प्राचार्य म्हणाले, "अंदर सफाई चालू है." बाहेरून कुलूप लावून आत सफाई! त्या बाईंनी एकदा कुलुपाकडे, एकदा ‘सदैव खुला’ म्हणणाऱ्या माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कहीं भी चलेगा. जल्दी."

मी त्यांना घेऊन रस्ता ओलांडला. आणखी कुठं नेणार? काकूंनी मशीनवरून मान वर न करता सवयीनं विचारलं, "साडी आणली का?" मी म्हटलं, "नाही काकू, आज पाहुण्या आणल्यात." त्या बाई आत गेल्या.

ओसरीवर ती मुलगी बसलेली होती. समोर येऊ नका म्हटलं होतं ना, म्हणून ती सकाळपासून इथंच बसून होती, बाक नाही की टेबल नाही, पाय सुजलेले, मांडीवर उद्याच्या तासाचं टिपण. बाई बाहेर आल्या आणि त्यांनी विचारलं, "आप?" ती गडबडून उभी राहिली. "मैं वहाँ पढ़ाती हूँ." बाईंनी तिच्या पोटाकडे पाहिलं, रस्त्यापलीकडच्या रंगवलेल्या इमारतीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्यांना सगळं समजलं होतं, यात मला शंका नाही. बाईला बाईचं न समजायला काय झालं? त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, "ध्यान रखना" म्हणाल्या. परत येताना माझी छाती आनंदानं भरून आली होती. म्हटलं, आता सुटलं.

दुसऱ्या दिवशी समारोपात अहवालाचा सारांश वाचला गेला. ‘विशेष उपक्रम’ या मथळ्याखाली लिहिलं होतं की महाविद्यालयातील महिला कर्मचाऱ्यांचे परिसरातील गृहिणींशी जिव्हाळ्याचे नाते असून ही बाब अनुकरणीय आहे. जेवताना प्राचार्यांनी काय गळी उतरवलं कोण जाणे. मी त्या बाईंकडे बघत होते. त्यांनी टेबलावरची फाइल सरळ केली आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. प्राचार्यांचा मला राग आला, पण त्याची मला सवय होती. त्या बाईंचा जो संताप आला तो अजून शमलेला नाही. स्वतः रस्ता ओलांडून गेलेली बाई!

श्रेणी चांगली मिळाली. ढोल वाजले. वर्धापनदिनी काकूंना मंचावर बोलावून शाल आणि नारळ दिला. काकू शाल सांभाळत माझ्या कानात म्हणाल्या, "मले काऊन देऊन राह्यले हे?" मी चावीचा विषय काढला तेव्हा प्राचार्य म्हणाले, "आता तर मॅडम, तो उपक्रमच झालाय. आपण स्वतःच कक्ष उघडला तर उपक्रमाचं काय?"

त्यानंतर लग्नसराई आली. काकूंच्या दाराला कुलूप लागलं. परीक्षेच्या दिवसांत त्या मुलीला पुन्हा ताप आला, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. बाळ वेळेआधी आलं. ओंजळीत मावेल एवढी मुलगी. जालन्याच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेली. मी बघायला गेले तेव्हा तिची आई काचेला बोट लावून उभी होती. मला म्हणाली, "पेपर तपासायचे राह्यले, मॅडम." बाळ जगलं. अंगानं अजून किरकोळ आहे, पण जगलं. डॉक्टरांनी वाचवलं, आमच्या व्यवस्थेचा त्यात काही हात नाही.

जूनच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी प्राचार्यांना जाब विचारला. ते म्हणाले, "त्यांना आता बाळाकडे बघावं लागेल. आपण त्यांचाच विचार केला." तिच्या वतीनं, तिला न विचारता, तिच्या भल्यासाठी. मी त्या खोलीतून बाहेर आले आणि फळ्यावर उत्तरदायित्व लिहायला वर्गात गेले.

तिच्या जागी दुसरी मुलगी आली. कोवळी, नुकतीच पास झालेली, दप्तर छातीशी धरून. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू विचारलं, "मॅडम, इथं बायकांनी कुठं जायचं असतं?"

मी उठले. श्रमदान शिबिराचं सामान जिन्याखाली पडलेलं असतं, त्यातली हातोडी घेतली आणि वर गेले. भर दुपार, व्हरांड्यात पोरं, दारात प्राचार्य, जिन्यात बाबू. "ओ मॅडम, काय करून राह्यल्या?" बाबू ओरडले. मी म्हटलं, "कार्यवाही पूर्ण." कुलूप एवढंसं होतं, पितळेचा मुलामा दिलेलं. दुसऱ्या घावाला कडीसकट खाली पडलं.

आत धुळीचा थर बोटभर. पलंगाच्या गादीवरचं प्लास्टिक तसंच, आरशावर दुकानाचा कागद चिकटलेला, कोपऱ्यात वाळलेली पाल. बंद होतं म्हणून स्वच्छ होतं ना! मी आणि त्या नव्या मुलीनं झाडू मारला. गणिताच्या मॅडमनं आपली निळी साडी पिशवीतून काढली, तिचं पोतेरं केलं आणि फरशी पुसून घेतली.

आठवड्याभरात माझ्या टेबलावर कागद आला. कुलूप तोडल्याच्या प्रकरणाची चौकशी करून अभिप्राय द्यावा. कोणाकडे? महिला तक्रार निवारण समितीच्या अध्यक्षांकडे. सवय, दुसरं काय. मी चौकशी केली आणि लिहिलं: ‘कुलूप मी तोडले. पुन्हा लावल्यास पुन्हा तोडण्यात येईल.’ तो कागद वर गेला आणि प्राचार्यांची सही होऊन खाली आला. सहीवर नेहमीचा शब्द होता, ‘मान्य’. बहुधा न वाचताच. तेव्हापासून तो कक्ष उघडा आहे.

हे सांगायला मी तिला फोन केला. ‘आरती’पासून ‘मान्य’पर्यंत सगळं रंगवून सांगितलं. ती खूप हसली. मग तिनं विचारलं, "कुलूप मजबूत होतं काय, मॅडम?"

"छे गं. दुसऱ्या घावाला पडलं."



"मंग आपण वर्षभर चावी काऊन मागत राह्यलो, मॅडम?"

मागे तिची मुलगी रडायला लागली, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता ती तिला घ्यायला गेली.